सोमवारचे वजन

दर सोमवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मास्तर स्वतःचे वजन करीत.

लोणावळ्याच्या बाजाराच्या टोकाला एका व्यापाऱ्याची भाताची जुनी वखार होती. लढाईच्या दिवसांत तिथे सरकारी धान्याचे दुकान आले. आत तुळईला एक भलीमोठी तागडी टांगलेली होती. मास्तर चपला काढून तिच्या एका पारड्यात मांडी घालून बसत आणि रांगेतल्या कोणाही एकाला बोलावून दुसऱ्या पारड्यात वजने ठेवायला लावीत. काटा स्थिरावला की खाली उतरून ते दारावर खडूने लिहीत : ‘दुकान सांभाळणारा, आज, एक मण चौदा शेर.’ मागच्या सोमवारचा आकडा त्याच्यावर तसाच ठेवलेला असे, म्हणजे ज्याला वाचता येते त्याने ताडून पाहावे आणि ज्याला येत नाही त्याने शेजाऱ्याला विचारावे.

“वाढलो तर विचारा,” एवढेच ते रांगेला सांगत.

मी प्रथम हा प्रकार पाहिला तेव्हा विज्ञानाची पदवी घेऊन मला वर्षही झाले नव्हते, आणि कोणत्याही पद्धतीतला दोष ताबडतोब दाखवून देणे हे मी माझे कर्तव्य समजत असे. मी त्यांना सांगितले की या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. धान्य चोरणारा ते स्वतः खाईलच असे नाही. तो पोतीच्या पोती विकेल आणि वजनाने आहे तेवढाच राहील.

मास्तरांनी खडूचे बोट कोटाला पुसले. “बी. एस्सी. बाई, चोरी करून एकदा या पारड्यात बसून बघा. आकडा तोच येईल. पण तुमच्यानं बसवणार नाही.”

तेव्हापासून माझे नाव ‘बी. एस्सी. बाई’ पडले. त्यात कौतुकाचा अंश किती आणि टोमण्याचा किती, याचे पृथक्करण मला अखेरपर्यंत जमले नाही.

मास्तर शाळामास्तर नव्हते. रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांचा जन्म गेला होता, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे. डोंगरातली माणसे ‘आबा’ म्हणत. नोकरी संपताना रेल्वेचा काळा कोट त्यांच्याकडे राहिला, पण पितळी बटणांवर रेल्वेची मुद्रा होती, म्हणून ती त्यांनी उसवून मोजून परत केली. पुढे तो कोट ते बारदान शिवायच्या सुतळीने बांधत. उंच, वाळलेली अंगकाठी, कानांवर पांढरे केस, आणि समोरचे दोन दात झिजलेले. दात झिजण्याचे कारण असे की आलेल्या प्रत्येक पोत्यातला एक दाणा ते स्वतः चावून पाहत. दाणा कुबट लागला तर पोत्यावर खडूने ‘हे मी खाणार नाही’ असे लिहून ते पोते स्टेशनावर परत जाई. वरून खुलासा मागवणारी पत्रे येत. मास्तर प्रत्येक पत्राला उत्तर म्हणून त्याच पोत्यातली मूठभर ज्वारी पुडीत बांधून पाठवीत.

ज्यांच्या शेतात वर्षभर पुरेल एवढे भात होत नसे, किंवा ज्यांना शेतच नव्हते, अशा घरांना सरकार माणशी ठरलेले धान्य सवलतीत देत असे. त्यासाठी कार्ड लागे. कार्ड हातात असलेला प्रत्येक जण मास्तरांच्या लेखी ‘मालक’ होता. हमाल, लाकूडफोडे, मोळीविक्या बाया, सर्व. “मालक, पुढं सरका.” “मालकीणबाई, पिशवी नीट धरा, दाणा सांडतोय.” लोक आरंभी याला हसत. एकदा हवा खायला आलेले एक बंगलेवाले गृहस्थ नोकराला घेऊन थेट रांगेच्या तोंडाशी आले आणि आपले काम आधी उरकावे असे त्यांनी सुचवले. मास्तर अत्यंत अदबीने उठले. “आपण पाहुणे. पाहुण्यांनी उभं राहू नये,” असे म्हणून त्यांनी त्यांना पोत्यांच्या थप्पीवर बसवले. “मालकांचं आटोपलं की आपलं बघतो.” मालकांचे आटोपायला दोन तास लागले.

हे सर्व सांगताना त्यांचा जाच झाकून ठेवणे अशास्त्रीय होईल. ते संथ होते, आणि नियमाच्या बाबतीत दगड होते. एकदा जवळच्या वलवण गावची एक बाई डोक्यावर पाणी भरून आणताना कार्ड भिजले म्हणून रडकुंडीला येऊन उभी राहिली. शाई ओघळून अक्षरे गेली होती. साऱ्या रांगेने तिला ओळखले, मीही ओळखले. मास्तर म्हणाले, अक्षर दिसत नाही, धान्य देता येत नाही. तलाठ्याची चिठ्ठी आणा. ती बाई तिसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आली. मधल्या काळात तिच्या घरी काय शिजले हे मास्तरांनी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. मात्र त्या आठवड्यात त्यांनी कुठूनसे बांबू आणवले, त्यांची वीतभर लांबीची कांडी पाडली, आणि लांबून येणाऱ्या प्रत्येकाला कार्ड ठेवायला एकेक कांडे दिले. चूक झाली असे ते म्हणाले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एकही कार्ड भिजले नाही.

माझे काम वेगळे होते. मी मामांकडे राहत होते आणि पुरवठा खात्यात हंगामी कारकून होते. तालुक्याच्या या बाजूची कार्डे तयार करण्यासाठी घरोघरच्या माणसांची नोंद करायची, आणि तिचा गोषवारा पुण्याला पाठवायचा. काम हलके होते. माझे लक्ष त्याच्या पलीकडे होते. दक्षिणेतल्या एका विज्ञानसंस्थेत संशोधनासाठी मला जायचे होते, आणि तिथे मुलींचे अर्ज एखाद्या वजनदार शिफारशीवाचून कोणी वाचत नसे. म्हणून साध्या गोषवाऱ्याऐवजी मी एक अहवाल लिहिला. डोंगरी वाड्यांत घरटी माणसे गावांपेक्षा पुष्कळच कमी असतात, असे माझ्या नोंदींवरून दिसत होते. मी त्याचा आलेख काढला, कारणे दिली : मुले लवकर वेगळी होतात, तरुण माणसे कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पुण्याच्या पुरवठा अधिकाऱ्यांनी अहवाल वाचून मला बोलावून घेतले, आलेखाची तारीफ केली आणि शिफारसपत्र देण्याचे आपण होऊन कबूल केले. त्याच अहवालावरून वाड्यांची पोतीही ठरली.

मास्तरांनी अहवालाची प्रत उलटसुलट पाहिली होती. “रेघ छान आहे,” ते म्हणाले होते. “वाडीवर गेला होतात का?”

मी गेले नव्हते. वाडीच्या पुरुषांना वलवणच्या चावडीवर बोलावून आम्ही अर्ज भरले होते.

वैशाख संपत आला होता. वलवणच्या धरणामागे डोंगरावर ठाकरांची एक वाडी आहे. मृग लागला की मधला ओढा माणसाला उतरू देत नाही, म्हणून अशा वाड्यांनी पावसाळ्याचे चार महिन्यांचे धान्य एकदमच घेऊन जावे असा हुकूम निघाला होता. त्याप्रमाणे वाडीची माणसे येऊ लागली. त्यांतला एक तिशी-पस्तिशीचा माणूस मास्तरांसमोर आला. त्याने कांड्यातून कार्ड काढून दिले. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान मुली त्याचे धोतर धरून उभ्या होत्या.

मास्तरांनी कार्ड वाचले. मग मुलींकडे पाहिले.

“मालक, या कुणाच्या?”

“माज्याच की, आबा. आन घरला म्हातारी हाय.”

कार्डावर ‘माणसे : एक’ असे लिहिले होते. अक्षर माझे होते.

मास्तरांनी मला हाक मारली. “बी. एस्सी. बाई, चावडीवर यांना जे विचारलंत, ते आत्ता परत विचारा. त्याच शब्दांत.”

अर्जावर ‘अर्जदाराखेरीज कुटुंब’ असा रकाना छापलेला होता. मी तो प्रत्येकाला जसा विचारला होता तसाच पुन्हा विचारला : “तुम्ही सोडून कुटुंब किती?”

त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. “ताई, तवाच सांगितलं न्हवं का? कुटुंब न्हाई. दोन वर्सं झाली तिला जाऊन. पुन्यांदा का इचारता?”

त्याच्या मागे उभा असलेला म्हातारा मला समजावून सांगावे तसा पुढे झाला. “माजं एक हाय बगा, म्हून मला दोगांचं. आमच्या वाडीत एकाची दोन हायती, त्येला तिगांचं. आमी म्हनलं, सरकार लगनावर दानं देतंय. एक गडी तर दुसरी बायकू बगाय लागलाय.”

रांग हसली. त्या दोन मुलीही, कशाला ते न कळता, हसल्या. मास्तर हसले नाहीत.

माझे मामा घरी आलेल्या प्रत्येकाला मामींची ओळख ‘हे आमचं कुटुंब’ अशी करून देत. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले होते. गावातल्या शेतकऱ्यांच्या वेळी पाटील शेजारी बसून आकडे सांगत होते, म्हणून ते बरोबर आले. वाडीच्या माणसांना ओळखणारे चावडीवर कोणी नव्हते; मी विचारले, त्यांनी खरे उत्तर दिले, आणि मी त्यांच्या बायका मोजून खाली रेघ मारली. आलेखात आले होते ते एका शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यातून वाडीची सारी पोरेबाळे व म्हातारीकोतारी वगळली गेली होती.

मास्तरांनी त्या माणसाला नियमाप्रमाणे एकाचे धान्य दिले. ते मोजताना त्यांचा हात नेहमीपेक्षा हळू चालला.

दुपारी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे पोत्यांवर बसलो. परिस्थिती सरळ होती. मास्तरांनी तक्रार केली असती तर ती मामलेदार कचेरीत जाऊन तिची चौकशी निघाली असती, आणि चौकशीचे कागद फिरेपर्यंत ओढा भरला असता. अहवाल लिहिणाऱ्यानेच तो मागे घेतला, तरच पुण्याहून लगेच नवी पोती मंजूर होणे शक्य होते. अहवाल मागे घेणे म्हणजे शिफारसपत्रावर पाणी सोडणे. मी एक तोड काढली. वखारीत उंदरांमुळे येणारी तूट दाखवायची मुभा होती. ती थोडी फुगवून दाखवली तर वाडीला लागणारे जास्तीचे धान्य त्यातून निघाले असते. अहवालाला धक्का लागला नसता, कोणाचेही नुकसान नव्हते. मी हे त्यांना सविस्तर, मुद्देसूद समजावून सांगितले.

मास्तरांनी कोटाच्या सुतळीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

“मालकांना उंदरांच्या नावावर खायला घालायचं?” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “उद्या मी वाडीवर जातोय. यायचं तर या.”

पत्राबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. त्यांनी आग्रह केला असता तर मला वाद घालता आला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात आम्ही धरणाच्या बाजूने चढलो. मी अकरा रकान्यांचा नवा तक्ता करून नेला होता. वाडीवर पोहोचल्यावर मास्तरांनी तो हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. मग त्यांनी पुरुषांना बाजूला बसवून बायांना बोलावले आणि सांगितले, की आपापल्या दारात, आज रात्री घरात जेवायला जितकी बसणार तितकी पळसाची पाने मांडा.

“आबा, जेवायला हाय काय?” एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “का पानंच खायची आमी?”

“आधी पानं मांडा, मालकीणबाई. दाण्यांचं मी बघतो.”

वाडीत एकच हसू उसळले आणि पाने आली. मास्तर दारोदार फिरले, मी मागून लिहीत गेले. ते नियमाच्या बाबतीत जितके चिकट होते तितकेच पानांच्याही. भट्टीवर गेलेल्या मुलासाठी एका आईने पान मांडले होते. “तो तिकडं जेवतो,” म्हणून मास्तरांनी ते उचलले. तिने पान हातात घेतले आणि ते गुडघ्यावर धरून बसली. एका म्हाताऱ्याने स्वतःपुढे दोन पाने ठेवून, आपण लय खातो असे सांगितले. मास्तरांनी, आपणही पुष्कळ खातो पण एकाच पानावर खातो असे म्हणून त्याचे एक पान काढून घेतले. शेवटच्या घरात एका तरुण मुलीने तिघांची चार पाने मांडली. सासू तिच्यावर खेकसली, की पोटातले कशाला मोजतेस. मास्तरांनी विचारले, कधी? मुलगी मान खाली घालून म्हणाली, “आखाडात.”

“म्हणजे पावसात. तेव्हा ओढा भरलेला असेल. राहू दे पान.”

मी हळूच म्हणाले की नियमात जन्मलेलीच माणसे धरतात. ते मला म्हणाले, “तुमच्या आलेखात जन्मलेलीही नव्हती.” हे एकच कठोर वाक्य त्यांनी त्या सबंध प्रकरणात मला ऐकवले, ते मी विसरलेले नाही, आणि विसरू इच्छीत नाही. ते पान मी लिहिले, आणि समोर शेऱ्यात कारणही लिहिले.

उतरताना मी मनात बेरीज केली. माझ्या अहवालातल्या आकड्याच्या दुपटीहून ती पुष्कळ जास्त होती. वाटेत मास्तर दर थोड्या अंतरावर थांबून ओढ्याचे पात्र तेवढे न्याहाळत होते.

घरी आल्यावर मी पत्र लिहिले. पहिला मसुदा फार चांगला उतरला होता : छापील अर्जातल्या शब्दाची संदिग्धता, बोलीभेद, चावडीवरची गर्दी. सर्व खरे होते. तो मी फाडला. दुसऱ्यात पहिले वाक्य असे होते : ‘माझा अहवाल चुकीचा आहे, कारण मी माणसे न पाहता ती मोजली.’ खाली नवे आकडे, वाडीची गरज, मृगाला उरलेले दिवस, एवढेच.

सकाळी टपालात टाकण्यापूर्वी मी ते बंद पाकीट मास्तरांना दाखवले. त्यांनी ते वाचायला मागितले नाही. मालधक्क्यावरच्या सवयीने गुळाचे नमुने तोलायचा एक छोटा काटा त्यांच्या फळीवर असे, त्यावर त्यांनी पाकीट ठेवले आणि डोळे बारीक करून पाहिले.

“एक तोळाही नाही,” ते म्हणाले. “आणि याच्यावर पोती उचलायची आहेत.”

पुण्याहून उत्तर आठवड्याच्या आत आले. वाडीची वाढीव पोती मंजूर झाली होती. माझ्यासाठी निराळी एक ओळ होती, तीत शिफारशीचा उल्लेख नव्हता. त्या वर्षी मी दक्षिणेत गेले नाही. पुढे दोन वर्षांनी, दुसऱ्या वाटेने गेले. आज जिथे काम करते तिथे माणसे मोजायची नसतात, पण कोणताही तक्ता भरण्यापूर्वी त्यातला प्रश्न मी एखाद्या अनोळखी माणसाला मोठ्याने विचारून पाहते. माझे सहकारी याला माझे वेड म्हणतात. ते वेड कोणाकडून आले हे मी त्यांना सांगत बसत नाही.

मास्तर दुकान उठेपर्यंत तिथेच होते. त्यांची बदली करण्याचे एकदा घाटत होते असे नंतर ऐकले; नव्या माणसाला पारड्यात बसायला सांगितले आणि तो नाही म्हणाला, असेही लोक सांगतात. हे खरे असण्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

पोती आली त्या दिवशी मळभ होते आणि माणसे घाईत होती. वाडीची सगळी मोठी माणसे खाली उतरली होती. तो सोमवार होता. मास्तर दोन शेरांनी उतरले होते, आणि दारावर तसे लिहिलेले होते. कोणीतरी विचारले, आबा, उतरला का? ते म्हणाले, वाढलो तर विचारायचं ठरलंय.

दोन मुलींचा बाप रांगेत पुढे आला. मुली या वेळी नव्हत्या; त्याने दोन मोठी रिकामी पोती आणली होती आणि ती काखेत घट्ट धरली होती. मी नवे कार्ड भरायला घेतले. मास्तरांनी माप हातात धरून त्याच्याकडे पाहिले, आणि मला वाटले होते की ते तो शब्द टाळतील. त्यांनी टाळला नाही.

“मालक, कुटुंब किती?”

तो माणूस माझ्याकडे बघून जरासा हसला.

“कुटुंब न्हाई, आबा. पानं चार.”

मास्तरांनी माप धान्याच्या पोत्यात खोल खुपसले.

“लिहा, बाई,” ते म्हणाले.